चौकोनावर गोल

रामीबाईनं मालकाची कोरी छत्री उसवली, तेव्हा ही बाई आता उद्यापासून काही कामावर दिसत नाही, असंच गोदामातल्या सगळ्यांना वाटलं होतं. भगवानरावांनी ती छत्री नुकतीच नागपूरहून आणली होती. लाकडी दांडा, दाट काळं कापड. दुपारी पाऊस आला तसे ते गोदामात शिरले, पाणी निथळावं म्हणून छत्री कोपऱ्यात उघडीच ठेवली आणि समोरच्या टपरीवर चहाला गेले. परत येऊन पाहतात तर छत्रीच्या काड्या उघड्या पडलेल्या आणि कापड रामीबाईच्या मांडीवर.

ही यवतमाळची गोष्ट. पस्तीस-एक वर्षं झाली असतील. भगवानराव तसे शेतकरी घरातले, पण शेती भावाच्या हवाली करून त्यांनी मंडप-डेकोरेशनचा धंदा काढला होता. लग्नसराईत मांडव, उरलेल्या दिवसांत सभा-सप्ताह, आणि नवरात्रात खरी धामधूम. यवतमाळचा दुर्गोत्सव तेव्हाही जोरात असे. चौकाचौकांत देवी बसे आणि प्रत्येक मंडळाला देवीभोवती कुठली ना कुठली नामी इमारत बांबू-कापडाची उभी करून हवी असे. खेड्यापाड्यांतून माणसं एसटीनं, ट्रॅक्टरनं पाहायला येत. ज्यांनी धड नागपूर पाहिलं नव्हतं, तीही आग्रा-दिल्ली पाहून घरी जात.

रामीबाईचा नवरा देवसिंग आडे भगवानरावांकडे बांबूचं काम करायचा. दोघंही दिग्रसजवळच्या तांड्यावरची. देवसिंगच्या हाताला बांबू वश होता. ओला बांबू चिरून तो लांबच लांब कामट्या काढी, गुडघ्यावर दाबून हव्या तशा वाकवी आणि सुतळीनं बांधून टाकी. त्याच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखच्या मुलूख पालथे घातले होते. तो म्हणे, "आपल्या लोकायनं भिंत कवा बांधली? आपलं कामच हे. बांधाचं अन् सोडाचं." रामीबाई गोदामात झालरी शिवायला येई. संगीता तेव्हा तान्ही होती. तिची झोळी बांबूंच्या चळतीला बांधलेली असे.

त्या साली एका मंडळानं विजापूरचा गोल घुमट मागितला. नमुना म्हणून खताच्या दुकानाचं कॅलेंडर आणून दिलं. त्यावरचं चित्र पोस्टकार्डाएवढं. देवसिंगनं ते खांबाला चिकटवलं आणि सांगाडा उभा केला. खाली चौकोनी खोली, चार कोपऱ्यांना चार मिनार, वर कामट्यांचा गोल. इथवर छान जमलं. मग कापड चढवायची वेळ आली, आणि कापड काही केल्या बसेना. एका बाजूनं ताणलं की दुसरीकडे चुण्या पडत. ज्या टेलर मास्तरला बोलावलं होतं, त्यानं दोन दिवस खटपट करून हात टेकले. "गोलावर कापड चढत नसते. चुण्या दिसतीनच," म्हणाला आणि दुकानात निघून गेला.

आणि अशात ती छत्री कोपऱ्यात उघडी पडली होती.

रामीबाई सुईत दोरा ओवता ओवता तिच्याकडे पाहत बसली. छत्री गोल होती. चुणी एकही नव्हती. ती उठली, वाकून छत्रीच्या आतून पाहू लागली आणि तिच्या लक्षात आलं की छत्री गोल असली तरी तिचा एकही तुकडा गोल नाही. सगळे तिकोन. लहानपणी याडीनं, म्हणजे आईनं, तिला काचळी, तांड्यावरची चोळी, शिवायला शिकवली होती, तेव्हाच हाताला कळलं होतं की सपाट कापडाला उभार द्यायचा तर ते आधी तोडावं लागतं, मग जोडावं लागतं. फक्त तो तुकडा नेमका कसा तोडला आहे, ते छत्री उसवल्याशिवाय दिसणार नव्हतं. म्हणून तिनं उसवली.

"रामीबाई, हे काय केलं?" भगवानराव दारातच थांबले.

तिनं मान वर केली नाही. "मालक, तुमची छत्री पुरी तिकोनाईची हाय."

"असंन. मी तं ते पावसासाठी घेतली होती."

"पाहा तं खरं. तिकोन हाय, पण धारा सरळ नाहीत. मंधात जरासं पोट हाय. म्हणून चुणी पडत नाही."

देवसिंग सांगाड्यावरून खाली उतरला. बायकोच्या हातून त्यानं तो काळा तुकडा घेतला, उन्हाकडे धरावा तसा दाराच्या उजेडाकडे धरून पाहिला, मग मालकाकडे पाहिलं. छत्रीच्या काड्यांवरून अजून पाणी ठिबकत होतं.

"पहिले घुमट होऊ दे," भगवानराव म्हणाले. "मंग माही छत्री शिवून दे. अन् पाऊस थांबेपर्यंत मी आता इथीच बसतो, कारण मले घरी जाता येत नाही."

त्या संध्याकाळी रामीबाईनं शेजारणीच्या कोंबड्या हुसकल्या, त्यांचं डालं अंगणात आणून पालथं घातलं आणि जुन्या पेपरचे तिकोन कापून त्यावर बसवून पाहिले. पहिल्यांदा पोट जास्त झालं, नंतर कमी झालं. अंगणभर पेपरची कातरणं पसरली. अंधार पडता पडता डालं पूर्ण झाकलं गेलं आणि कागद कुठंही उचलला नाही. मग तोच तिकोन मोठा करत करत घुमटाच्या मापाला आणला. तिसऱ्या दिवशी घुमटावर कापड चढलं ते नगाऱ्यावर कातडं ताणावं तसं. खाली उभी असलेली पोरं टाळ्या वाजवायला लागली. मास्तरही येऊन पाहून गेला आणि त्यानं खिशातली चांगली कात्री रामीबाईला वापरायला दिली, ती पुढं कधी मागितली नाही.

एक गोष्ट मात्र देवसिंगच्या मनासारखी झाली नव्हती. खोली चौकोनी आणि वरची टोपी गोल. दोन्हींची गाठ कुठं आणि कशी पडते, ते कॅलेंडरात दिसत नव्हतं. त्याच्या मंडपात गोल बसला होता, पण खोलीचे चारही कोपरे उघडे पडले होते. आतून पाहिलं की तिथं नुसतीच सुतळीची भेंडोळी.

"त्याईनं अठी काय केलं असंन?" तो पुन्हा पुन्हा विचारी.

"झालर लाव, झालं," भगवानराव म्हणाले.

झालर लागली. सोनेरी, चांगली हातभर रुंद. जत्रा लोटली. लोक घुमटात शिरत, वर पाहत, देवीच्या पाया पडत आणि पुढं सरकत. झालरीमागं काय आहे हे कुणीच विचारलं नाही. देवसिंग एकटा तिथून जाताना मान वर करून पाही आणि रामीबाईला म्हणे, "तेवढं राह्यलं."

त्यानंतर त्यांचं नाव झालं. पुढच्या वर्षी चारमिनार, मग ताजमहाल, मग कोणार्कचं चाक. देवसिंग कॅलेंडरं, काडीपेट्या, बिस्किटांचे डबे, जिथं म्हणून इमारतीचं चित्र दिसेल ते जमवू लागला. नवरा-बायकोत त्या इमारतींची एक बोलीच तयार झाली. घरी ती दोघं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत. तीत हेही शब्द मिसळले. घुमट म्हणजे डालं. कमान म्हणजे चूल, कारण चुलीचं तोंड तसंच असतं. ताजमहालाचा घुमट म्हणजे लसूण. शिखर म्हणजे कडब्याची गंजी. देवसिंग एखादं नवं चित्र घेऊन येई आणि दारातूनच सांगे, "चार उभे, मंधात एक लसूण, खाली चुलीच चुली." रामीबाई हातातलं पीठ न धुता मनातल्या मनात कापड तोडायला लागलेली असे.

मग ती सवय इमारतींपुरती उरली नाही. दोघं एसटीनं तांड्यावर जायला निघाली की दारव्हा मागं पडेपर्यंत खिडकीबाहेर बोट दाखवत बसत. दिग्रस आलं की जिनिंगची चिमणी दिसे. देवसिंग म्हणे, ही पाहा, खाली जाड अन् वर बारीक, सरळ असती तं कवाच पडली असती. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या आणि दाबून बांधलेल्या गाठी शेजारी शेजारी असत. तोच कापूस, एकीकडं डोंगर आणि एकीकडं पेटी. एकदा ढाणकीच्या बाजारात मिरचीवाल्याच्या ढिगापुढं देवसिंग एवढा वेळ उभा राहिला, की तो मिरचीवाला म्हणाला, "घ्याच्या हायत का नाही?" देवसिंग म्हणाला, "नाही बाप्पा, ढिगाचा उतार पाहून राह्यलो. तू किती बी वत, उतार तेवढाच राह्यते." मिरचीवाल्यानं वरून अजून एक टोपलं ओतून पाहिलं. उतार खरंच तेवढाच राहिला. मग त्यानंच दोघांना चहा पाजला.

दिल्लीचं कमळाच्या आकाराचं मंदिर करायचं ठरलं त्या वर्षी पाकळ्या कशा तोडाव्यात यावर दोघांचं चांगलंच वाजलं. देवसिंग म्हणे, तळ्यावरून कमळ आणू. रामीबाई म्हणे, कमळाची पाकळी लोळते, ही उभी आहे. शेवटी ती भगवानरावांच्या भावाच्या शेतात गेली आणि पऱ्हाटीला आलेलं पातं तोडून घेऊन आली. कापसाच्या फुलाआधी जी हिरवी कळी येते, तिला तीन उभी पानं चिकटून असतात, टोकाशी जवळ आलेली. "हे पाह्य तुह्य दिल्लीचं मंदिर," ती म्हणाली. देवसिंगनं ते पातं कानावर ठेवलं आणि दिवसभर तसाच काम करत राहिला.

दसरा झाला की सगळं सोडायचं. हे रामीबाईला पहिल्या वर्षी जड गेलं, नंतर गेलं नाही. कापड तर वाया जात नव्हतंच. ताजमहालाचा संगमरवर पुढच्या लग्नसराईत जेवणाच्या पंगतींवर छत म्हणून ताणला गेला. चारमिनारच्या कमानी कुणाच्या तरी सप्ताहात कीर्तनकाराच्या मागं लागल्या. पहिल्या घुमटाचे तिकोन विटून गेले तेव्हा मालकांच्या बायकोनं, मैनाबाईंनी, त्यांची गोधडी शिवून घेतली; त्या अजूनही सांगतात की आपल्या घरी गोल घुमट पांघरून झोपत.

विजापूरला जायचं दोघांनी दोनदा ठरवलं. एकदा मुलाचा, प्रेमचा, जन्म आडवा आला. एकदा सगळं ठरलं होतं, पण भगवानरावांना केळापूरच्या देवीच्या यात्रेतलं मोठं काम मिळालं आणि देवसिंग म्हणाला, पुढच्या साली जाऊ, घुमट काही पळून जात नाही. घुमट पळाला नाही. काळ पुढं गेला. बांबूच्या जागी लोखंडी पाईप आले, कापडाच्या जागी छापील फ्लेक्स आले, मग फायबरचे तयार घुमट ट्रकमधून येऊ लागले, नटबोल्टनं जोडायचे. देवसिंगनं ते काम पण केलं. त्याला त्याचा राग नव्हता. एकदा फायबरचा घुमट जोडून झाल्यावर त्यानं आत शिरून कोपरा पाहिला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "त्याईनं बी झाकलंच हाय. आतून पत्रा ठोकला." पुढं त्याला छातीचा त्रास सुरू झाला आणि एका हिवाळ्यात, दवाखान्यातून घरी आणल्यावर, तो गेला.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. भगवानराव थकले. गोदाम नातवाकडं, बंटीकडं आलं. तो आता इव्हेंटवाला म्हणवतो आणि एलईडीच्या भिंती लावतो. पण रस्त्यात रामीबाई दिसली की गाडी थांबवून विचारतो, "आजी, सोडून देऊ का घरी?" रामीबाई प्रेमकडं राहते. डोळ्याला नीट दिसत नाही म्हणून शिवण सुटली. नवरात्रात सुनेसोबत देखावे पाहून येते, देवीला हात जोडते. घरी आल्यावर तिला वाटतं की कुणाला तरी काही तरी सांगायचं होतं. काय सांगायचं होतं, ते चूल-डालं-लसूण कळणारं माणूस समोर नाही म्हणून मनातच राहून जातं.

संगीता, तीच झोळीतली पोर, सोलापुरात नर्स आहे. गेल्या हिवाळ्यात तिनं आईला बोलावून घेतलं. रामीबाई उमरखेडवरून नांदेड, नांदेडवरून सोलापूर अशी एसटीनं गेली. चार दिवस झाले तशी संगीता म्हणाली, "याडी, विजापूर इथून जवळ हाय. सकाळी निघालो तं दुपारी पोचतो. जायचं?"

रामीबाई भाजी निवडत होती. एक अख्खी जुडी निवडून झाल्यावर म्हणाली, "तुह्या बानं पाह्यलं नाही, तं मी एकटी कायले पाहू?"

"मंग दोघायच्या वाटचं पाह्य."

रस्त्यातल्या पाट्यांवर आता विजयपुरा लिहिलेलं होतं. गाव जवळ आलं तसा तो घुमट घरांच्या डोक्यावरून दिसायला लागला. रामीबाईला तो ओळखीचाच वाटला आणि मग गाडीतून उतरून समोर उभी राहिल्यावर अजिबात ओळखीचा वाटला नाही. त्यांचा घुमट पिवळा होता. कॅलेंडरात तसा दिसत होता. हा मळकट करडा, आणि इतका मोठा की मंडपासकट अख्खा चौक त्यात मावला असता. ती हिरवळीच्या कडेला उभी राहून बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिली.

"याडी, काय शोधून राह्यली?"

"शिवण."

संगीताला हसू आलं. रामीबाईला आलं नाही. ती खरोखरच शोधत होती. शिवण कुठंच नव्हती. मग तिची नजर घुमटाच्या बुडाशी आली. जिथं गोल संपतो आणि इमारत सुरू होते तिथं चारही अंगानं दगडाच्या मोठमोठ्या पाकळ्या होत्या, एकीला लागून एक, घुमटाचा काठ झाकून टाकणाऱ्या. कॅलेंडरात तिथं नुसता काळपट पट्टा होता.

"ते पाकळ्या हायत का व?"

"हो. दगडाच्या."

"झालर हाय ते," रामीबाई म्हणाली. "त्याईनं बी झालरच लावली."

आता तिला हसू आलं आणि ते आवरेना. पदर तोंडाला लावून ती हिरवळीवरच बसली. संगीताला आधी कळेना की आई हसते आहे की काय होतंय. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. रामीबाईनं पाणी पिऊन मग तिला सगळं सांगितलं: सोनेरी झालर, भगवानरावांचा हुकूम, आणि बापाचं ते 'तेवढं राह्यलं'. संगीतानं हे सगळं तुकड्या-तुकड्यांनी आधी ऐकलं होतं. पण समोर घुमट ठेवून ऐकलं नव्हतं.

आत थंडगार होतं. कबुतरं घुमत होती. वरच्या गॅलरीत कुठल्याशा शाळेची सहल चढली होती आणि पोरं भिंतीला तोंड लावून ओरडत होती; एकाची आरोळी पुरी व्हायच्या आत दुसऱ्याची तिच्यावर पडे, त्यामुळं ती कुजबुज वगैरे जी ऐकू येते म्हणतात, तिचा काही पत्ताच नव्हता. जिना उंच होता. रामीबाईच्या गुडघ्यांना तो झेपणार नव्हता. संगीता वर गेली आणि रामीबाई खाली फरशीवर भिंतीला टेकून बसली. मान मागं टाकून तिनं कोपऱ्याकडं पाहिलं.

झालर फक्त बाहेरून होती. आत काहीच झाकलेलं नव्हतं.

आधी तिला नुसत्याच कमानी दिसल्या. कमानी वर जात होत्या, पण सरळ वर जात नव्हत्या. एकमेकींना ओलांडून, आत झुकून, जाळी विणावी तशा. मग हळूहळू डोळा सरावला. एक चौकोन दिसला. मग त्यावर तेवढाच दुसरा, पण तिरपा ठेवलेला, याचा कोपरा त्याच्या बाजूवर. दोन चौकोन एकमेकांवर आडवे पडले की मधात उरतं ते आठ बाजूंचं. आणि आठ बाजूंवर गोल ठेवायला कितीसं अवघड. कोपरे उघडे पडतच नाहीत, कारण दुसऱ्या चौकोनानं ते आधीच कापलेले असतात. लहानपणी फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, काठावर तिनं हे कितीदा भरलं होतं, चौकोनावर तिरपा चौकोन, मधात आरसा. तिला तेव्हा ते फूल वाटायचं.

संगीता खाली आली तेव्हा रामीबाईनं फरशीवर आपला रुमाल पसरला होता आणि त्यावर तिरपा करून संगीताचा स्कार्फ. एक पहारेकरी त्यांच्याकडंच येत होता.

"अम्मा, इधर नक्को बैठो. रास्ता है."

"दो मिनिट, भैया," संगीता म्हणाली. "मेरे बाप ने ये बनाया था. ये ही घुमट."

पहारेकऱ्यानं तिच्याकडं, मग म्हातारीकडं पाहिलं. "ये?"

"कपडे का. हमारे गांव में. देवी के लिये."

मग त्यानं रुमालाकडं पाहिलं, मान वर करून घुमटाकडं पाहिलं, पुन्हा रुमालाकडं पाहिलं. रामीबाईनं बोटानं दाखवलं, हा चौकोन तो, हा चौकोन तो. पहारेकऱ्याची मान बराच वेळ वरच राहिली. "बैठो अम्मा," तो म्हणाला आणि सहलीच्या पोरांना दुसऱ्या बाजूनं वळवायला गेला.

परतीच्या वाटेवर संगीतानं विचारलं, बरं वाटलं का. ती म्हणाली, "बांबूनं झालं असतं व. गोदामात उभे बांबू पडले होते तवा. अर्ध्या दिवसाचं काम. अवघड असतं तं मले एवढं लागलं नसतं." मग खिडकीबाहेर पाहत राहिली. ज्वारीची शेतं जात होती. बऱ्याच वेळानं ती आपणहून म्हणाली, "तुह्या बानं हे आयकून पहिले मले म्हतलं असतं, हे तं तुह्या फेटियावर होतं, अन् तू सांगतलं नाही." आणि तिनं संगीताच्या खांद्यावर डोकं टेकलं.

यवतमाळला आल्यावर ती भगवानरावांकडं गेली. भगवानराव आता ऐंशीच्या पुढं, कानानं कमी, अंगणात खाटेवर पडलेले असतात. मैनाबाईंनी त्यांना उठवून बसवलं. रामीबाईनं मोठ्या आवाजात, जवळजवळ शेजाऱ्यांनाही कळेल असं, सगळं सांगितलं. भगवानरावांनी नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बोलण्यानं नाही समजून राह्यलं मले. बांधून दाखव."

"मालक, आता कोठी बांधू?"

मैनाबाई म्हणाल्या, "अंगणात उन्हाळी दोडका लावाचा हाय मले. त्याले मांडव पायजेच. तोच बांध."

बंटीनं गोदामाच्या माळ्यावरून जुने बांबू शोधून आणले. रामीबाईचे हात सुतळी ओढताना कापत होते, म्हणून ओढायचं काम बंटीकडं आणि गाठ मारायचं तिच्याकडं. चार खांब, वर एक चौकोन. त्यावर तिरपा दुसरा. भगवानराव खाटेवरून हात करत होते, डावीकून खाली घे, अजून खाली, हं. त्यांचा आवाज गोदामातल्यासारखा झाला होता. आठ फाट्यांवर कामटीचं कडं बसलं आणि त्याला वरून कामट्या वाकवून बांधल्या. एक बाजू थोडी खचली, कारण तो खांब मुरुमात नीट रुतला नव्हता. पण कोपरे कुठंच उघडे पडले नाहीत. बंटीनं खाली उभं राहून वर पाहिलं आणि मोबाईलवर फोटो काढला.

भगवानराव बराच वेळ पाहत होते. "देवसिंग असता तं त्यानं मले रात्रभर झोपू देलं नसतं," ते म्हणाले. मग मैनाबाईंना चहा करायला सांगितलं.

दोडका चांगला पसरला. उन्हं वाढली तशी भगवानरावांची खाट त्या मांडवाखाली आली. ते उताणे पडून वर पाहत राहतात, आणि वेल वाढता वाढता त्या दोन चौकोनांवर चढला की त्यांना राग येतो. म्हणून रामीबाई दर रविवारी सकाळी तिकडं जाते, स्टुलावर चढायला बंटीचा हात घेते, आणि वेलाचे ताणे एक एक सोडवून बाजूला वळवते. मैनाबाई खालून ओरडतात की वेलाला त्रास होतो, दोडके गळतील. दोडके काही गळले नाहीत. जाताना त्याच तिच्या पिशवीत भरून देतात.